कोरीटच्या अंगणातून दिल्ली किती लांब?

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ फोनवर एका क्षणात दिसतो. अडचण अशी की तो आकडा सुरत ते दिल्लीचा असतो, जळगाव ते पुण्याचा असतो. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावाचा कधीच नसतो. नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे कोरीटच्या माणसाला आयता आकडा अर्धाच उपयोगी पडतो, उरलेला अर्धा त्याला स्वतः काढावा लागतो. तो कसा काढायचा, त्याची ही कृती आहे. दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

साहित्य फार नाही. नकाशा दाखवणारा फोन, वर्गमूळ काढता येईल असं गणकयंत्र (तेही फोनमध्येच असतं), कागद-पेन, आणि परदेशाचं अंतर काढायचं असेल तर शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा.

१. आधी ठरवा, कुठलं अंतर हवंय

अंतरं तीन असतात. पहिलं सरळ रेषेतलं. दुसरं विमान प्रत्यक्षात कापतं ते. ते पहिल्यापेक्षा थोडं जास्त भरतं, कारण विमानंसुद्धा आखून दिलेल्या वायुमार्गांनी जातात आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेऊन उतरतात. तिसरं तुमच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंतचं. तिकिटाच्या जाहिरातीत पहिलं असतं, थकवा मात्र तिसऱ्याने येतो.

सरळ अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांचा मेळ दिशेप्रमाणे किती बदलतो, ते आपल्याच भागात पाहा. उधना ते जळगाव हा तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग ३०६ किलोमीटरचा, आणि त्याच दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर निघतं २८२. म्हणजे रुळांनी फारसे आढेवेढे घेतलेच नाहीत. नदीचं खोरं पूर्व-पश्चिम आहे आणि रूळ त्याच्या बाजूने गेले. पण नंदुरबारहून मुंबई सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास असताना रेल्वेने ते चारशेवीसच्या घरात जातं, कारण गाडी आधी पश्चिमेला सुरतकडे जाते आणि मग दक्षिणेला वळते. मध्ये सह्याद्री आडवा आहे. त्यामुळे ‘सरळ अंतराला सव्वाने गुणा’ असले सरसकट ठोकताळे खानदेशात चालत नाहीत. डोंगर कुठे आहे, ते आधी बघावं लागतं.

२. अक्षांश-रेखांश उतरवून घ्या

फोनवरच्या नकाशात हव्या त्या ठिकाणी बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. पहिला अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून किती उत्तरेला. दुसरा रेखांश, म्हणजे ग्रीनिचपासून किती पूर्वेला. खानदेशात पहिला आकडा २१च्या आगेमागे आणि दुसरा ७४-७५च्या आगेमागे असायला हवा. उलटे लिहिलेत तर तुमचं गाव थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन पडेल, तेव्हा लिहितानाच ‘उ’ आणि ‘पू’ अशी खूण करा. आकडे अंश-मिनिटांत आले, तर मिनिटांना ६०ने भागून ते दशांशात आणा.

इथे मी नंदुरबारचे आकडे धरतो: उ २१.३७, पू ७४.२४. कोरीट नंदुरबार तालुक्यातच असल्यामुळे शंभर-दीडशे किलोमीटरच्या हिशेबात थोडाच फरक पडेल. तरी तुम्ही आपल्या अंगणात उभं राहून आपलेच आकडे घ्या.

दुसऱ्या टोकाला शहराचे नव्हे, विमानतळाचे आकडे घ्यायचे. नाशिकचा विमानतळ नाशकात नाही, ओझरला आहे. सुरतचा मगदल्ल्याकडे, गावाबाहेर आहे. शिर्डीच्या नावाचा काकडीला आहे. उपयोगी पडतील असे काही:

सुरत उ २१.११, पू ७२.७४
जळगाव उ २०.९६, पू ७५.६३
ओझर उ २०.१२, पू ७३.९१
शिर्डी उ १९.६९, पू ७४.३८
इंदूर उ २२.७२, पू ७५.८०
मुंबई उ १९.०९, पू ७२.८७
पुणे उ १८.५८, पू ७३.९२
दिल्ली उ २८.५७, पू ७७.१०

३. अंशांचे किलोमीटर करा

अक्षांशाचं काम सोपं आहे. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, काश्मीरात तेवढेच आणि कोकणातही तेवढेच. ही संख्या लक्षात ठेवायला एक कारण आहे. फ्रेंच क्रांतीच्या काळात मीटर ठरवला, तेव्हा विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर दहा हजार किलोमीटर येईल अशा बेतानेच तो ठरवला होता. दहा हजाराला ९० अंशांनी भागा, १११ येतात. नाविक मैलाचंही तसंच. तो म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. वैमानिक आजही अंतर त्याच मैलांत आणि वेग ‘नॉट’मध्ये मोजतात, त्यामुळे कुठे ४५० नॉट वाचलंत तर ते ताशी ८३० किलोमीटरच्या वर गेलं असं समजा.

रेखांशाचं तसं नाही. टरबुजावरचे पट्टे मधोमध रुंद आणि देठाकडे चिंचोळे होतात, तशा या रेषा ध्रुवाकडे जवळ येतात. म्हणून रेखांशाच्या एका अंशाचे किलोमीटर अक्षांशाप्रमाणे कमी होत जातात: १५ अक्षांशावर १०७, १८वर १०६, २०वर १०४.५, २१वर जवळपास १०४, २२वर १०३, २५वर १०१ आणि दिल्लीच्या जवळ २८वर ९८. त्रिकोणमिती आठवत असेल त्यांनी १११.२ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं. बाकीच्यांनी वरचे आकडे पाठीमागच्या पानावर उतरवून ठेवावेत. दोन ठिकाणांचे अक्षांश वेगळे असले, तर दोहोंच्या मधला अक्षांश धरायचा.

४. पायथागोरस

उत्तर-दक्षिण अंतर ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू, पूर्व-पश्चिम अंतर दुसरी, आणि आपल्याला हवाय तो कर्ण. दोन्ही बाजूंचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा.

नंदुरबार ते सुरत विमानतळ करून पाहू. अक्षांशांचा फरक ०.२६, गुणिले १११, म्हणजे २९ किलोमीटर. रेखांशांचा फरक १.५०, मधला अक्षांश २१च्या थोडा वर, म्हणून १०३.५ने गुणले, १५५ आले. २९चा वर्ग ८४१, १५५चा २४,०२५, बेरीज २४,८६६, वर्गमूळ १५८. झालं.

याच रीतीने बाकीचे विमानतळ काढले की चित्र मजेदार दिसतं. ओझर १४३ किलोमीटर, जळगाव १५१, सुरत १५८, शिर्डी १८७, इंदूर २२०. सरळ रेषेत सगळ्यांत जवळचा विमानतळ ओझरचा! पण ओझरला जायला रेल्वेची सरळ वाट नाही. साक्री, सटाणा करत रस्त्यानेच जायचं आणि मध्ये डोंगर. जळगाव आणि सुरत मात्र एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना आहेत आणि नंदुरबार साधारण मध्यावर. (या मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. अंतराच्या हिशेबाला त्याने काही फरक पडत नाही, पण गाडी थांबली की खाली उतरून बघावं.) इंदूरला तर मधे सातपुडा आणि नर्मदा दोन्ही आहेत. तेव्हा नकाशावरचा जवळचा विमानतळ आणि आपल्या सोयीचा विमानतळ वेगळे निघाले, तर गणित चुकलं असं समजू नका.

५. मागे तर जात नाही ना, ते तपासा

ही पायरी मी कुठल्याही प्रवासी-मार्गदर्शकात पाहिलेली नाही, आणि आपल्यासारख्या आडबाजूच्या गावांना सगळ्यांत जास्त गरज हिचीच आहे. मुक्कामाचं ठिकाण घरापासून किती लांब आणि विमानतळापासून किती लांब, दोन्ही काढा आणि शेजारी-शेजारी लिहा.

पुणे घ्या. नंदुरबारहून पुणे विमानतळ सरळ रेषेत ३१२ किलोमीटर. जळगावहून ३१९. म्हणजे दीडशे किलोमीटर पूर्वेला जाऊन तुम्ही विमानात बसता, तेव्हा पुणे एक किलोमीटरनेही जवळ आलेलं नसतं, उलट सात किलोमीटर लांब गेलेलं असतं. मुंबईचं याहून वाईट: नंदुरबारहून विमानतळापर्यंत २९१, जळगावहून ३५६. दिल्ली मात्र सुरतहून ९३७ पडते. सुरतेपर्यंत पश्चिमेला जाण्यात थोडं मागे जाणं झालंच, पण पुढचा टप्पा एवढा मोठा आहे की ते पचून जातं.

यावरून ठरवायला एक सोपा नियम होतो. विमानतळापर्यंतचं जमिनीवरचं अंतर हे विमानाच्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असेल तर बिनधास्त उडा. निम्म्याच्या आसपास असेल तर रेल्वेचं वेळापत्रक काढून बघा. हा नियम माझा आहे, कुठल्या खात्याचा नव्हे.

६. लांबचं अंतर असेल तर गोल आणि दोरा

चौथ्या पायरीतली युक्ती दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरेख चालते. सुरत ते शारजा तिने १,८२१ येतं आणि गोलाकार पृथ्वीचं पक्कं सूत्र वापरलं तरी १,८२०. पण मुंबई ते न्यूयॉर्क तिने काढलंत तर १४,३०० किलोमीटरांच्या वर आकडा येईल, आणि खरं अंतर १२,५००च्या आसपास आहे. पृथ्वी सपाट धरल्याचा हा दंड, अठराशे किलोमीटरांचा.

अशा वेळी शाळेतला गोल आणावा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणावा. तो अटलांटिकवरून आडवा न जाता रशिया, स्कँडिनेव्हियाच्या बाजूने वर सरकेल, कारण गोलावर सगळ्यांत आखूड वाट तीच असते. तेवढी लांबी खूण करून विषुववृत्तावर लावा. पूर्ण विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटर. त्याच्या किती हिश्श्यात दोरा बसतो, ते बघून अंतर निघतं. दोन-तीन टक्क्यांची चूक राहील, तेवढी चालते. शाळेतल्या गुरुजींना सांगून सातवी-आठवीच्या पोरांकडून हे करून घेतलं तर दुहेरी काम होईल.

विमान मात्र दोऱ्याच्या वाटेनेच जाईल याची हमी नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्राकडून वळसा पडू लागला. दिल्ली आणि लंडन तिथेच होती, वेळ मात्र वाढला.

७. अंतराचा वेळ करा

आता विमान कुठलं ते पाहा. तिकिटावर लिहिलेलं असतं. पंखा दिसणारं एटीआर असेल तर ताशी ५०० किलोमीटर धरा. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ असेल तर ८००. ही विमानं वर गेल्यावर यापेक्षा थोडी जास्त वेगाने जातात, पण वायुमार्गाचा वळसा यात आधीच जिरवून टाकलेला बरा. भागाकाराला ६०ने गुणून मिनिटं करा आणि वर सरसकट अर्धा तास टाका.

हा अर्धा तास का, ते समजून घेतलं की पुढे आकडे कधी फसवत नाहीत. वेळापत्रकातली सुटण्याची वेळ म्हणजे विमान उभ्या जागेवरून हलण्याची वेळ, आणि पोहोचण्याची म्हणजे पुन्हा जागेवर येऊन थांबण्याची. मधे धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांगेत थांबणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, हे सगळं येतं. विमान शंभर किलोमीटर जावो की हजार, हा वेळ जवळपास तेवढाच लागतो. म्हणूनच जवळच्या फेऱ्यांत विमानाचा सरासरी वेग केविलवाणा दिसतो.

सुरत-दिल्ली: ९३७ भागिले ८०० म्हणजे ७० मिनिटं, अधिक ३०, एक तास चाळीस मिनिटं. जळगाव-मुंबई, एटीआरने: ३५६ भागिले ५००, ४३ मिनिटं, अधिक ३०, सव्वा तासाच्या आत. जळगाव-पुणे एक तास आठ मिनिटं. मुंबई-दिल्ली ११३८ किलोमीटर, हिशेबाने एक तास पंचावन्न. कंपन्या मात्र सव्वादोन तासांपर्यंत छापतात, कारण त्या दोन्ही विमानतळांवर गर्दी आहे आणि वेळेआधी पोहोचलं तर कोणी तक्रार करत नाही. मोठ्या विमानतळासाठी अर्ध्याऐवजी पाऊण तास धरलात तरी चालेल.

जुन्या काळाची तपासणीही याच रीतीने होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. कराची ते अहमदाबाद ५९०, तिथून जुहू ४४०, एकूण हजार किलोमीटरांच्या थोडं वर. त्यांच्या पुस मॉथ विमानाचा वेग ताशी पावणेदोनशे धरला तर निव्वळ हवेतच सहा तासांच्या आसपास जातात. तेव्हा रेल्वेपेक्षा तेही कितीतरी लवकरच होतं.

वाऱ्याचा हिशेब देशातल्या देशात सोडून दिला तरी चालतो, परदेशात नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात उत्तर भारतावर ते जास्त जोरात असतात. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा परतीचा वेळ बहुधा तास-पाऊण तासाने कमी भरतो. लांबच्या प्रवासात पश्चिमेला जाताना हिशेबात पाच टक्के वाढवा, येताना पाच टक्के कमी करा.

८. घड्याळ जुळवा

सुरतहून शारजाला थेट विमान २०१९ मध्ये सुरू झालं. शारजाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. रात्री साडेअकराला निघून तिथल्या एक वाजता पोहोचलात, तर प्रवास दीड तासाचा नव्हे, तीन तासांचा झाला. येताना उलटं: तिथून दोनला सुटून इथे सव्वासहाला उतरलात की सव्वाचार तास गेल्यासारखे वाटतात, गेले पावणेतीनच. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या छापलेल्या असतात. वजाबाकी करण्याआधी दोन्ही भारतीय वेळेत आणा. घ्यायला जाणाऱ्याला वेळ सांगताना तर हे नक्की करा, नाहीतर माणूस दीड तास विमानतळाबाहेर उभा राहतो आणि मग दोघेही एकमेकांवर चिडतात.

९. आता अंगणापासून बेरीज

एका खाली एक लिहा आणि कुठलीही ओळ गाळू नका. कोरीट ते नंदुरबार स्टेशन, गाडीची वाट धरून, एक तास. नंदुरबार ते सुरत रेल्वेने तीन तास. सुरत स्टेशन ते विमानतळ पाऊण तास. विमानतळावर सुटण्याआधी दोन तास. देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, त्यामुळे यात काटकसर करू नये. हवेत एक तास चाळीस मिनिटं. दिल्लीला सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. बेरीज नऊ तासांच्या वर जाते. त्यातले विमानाचे दोनही नाहीत. तरीही दिल्लीसाठी विमान फायद्याचंच आहे, कारण याच प्रवासाला रेल्वेने याच्या दुप्पट वेळ सहज जातो.

पुण्याची बेरीज अशी: कोरीटहून जळगाव विमानतळ साडेतीन तास, तिथे दीड तास, हवेत एक तास दहा मिनिटं, बाहेर पडायला अर्धा तास, पावणेसात तासांच्या आत. रस्त्याने सव्वाचारशे किलोमीटर ताशी पन्नासने सव्वाआठ-साडेआठ तास. वाचले दीड-दोन तास, तेही विमान सोयीच्या वेळेला असेल आणि त्या दिवशी उडेल तर. म्हातारं माणूस बरोबर असेल तर या दोन तासांसाठी गाडी, रिक्षा, रांगा असे चार टप्पे बदलायला लावू नयेत, असं माझं मत आहे. एकट्या तरुणाने खुशाल जावं.

मुंबईसाठी मी विमानाचा विचारच करणार नाही. जळगावमार्गे जेमतेम तासाभराची बचत होते; आणि रात्री नंदुरबारला खानदेश एक्सप्रेसमध्ये झोपून सकाळी मुंबईत उतरता येत असेल, तर तो झोपेचा वेळ प्रवासात मोजायचं कारण नाही.

एक शेवटची सूचना. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जळगावसारख्या छोट्या विमानतळावरून एखादी फेरी मधेच बंदही पडते. अंतर एकदा काढून वहीत लिहून ठेवलं तर ते पुढे लागू राहील. सुटण्याची वेळ मात्र दर खेपेला, तिकिटाचे पैसे भरण्याआधी, नव्याने बघा.